ओली पावडर आणि कूलरचं तोंड

घरातला कूलर लावला की ती घटना आजही आठवते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतलं ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. ऐन मे महिना. लोखंडावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका लहान कारखान्यात, माल ठेवायच्या आणि कामगारांच्या राहायच्या खोलीत एक दमेकरी कामगार मरून पडला होता. आम्लाच्या वाफेने फुप्फुसं जळाली, असं डॉक्टरांनी सांगितलं. खबऱ्याने पुढचं जोडून दिलं. खोलीतल्या जोडीदाराशी त्याचं रोज भांडण व्हायचं, म्हणे. त्यानेच तेजाब टाकलं असणार.

जोडीदाराला ताब्यात घेतलं. परतूरकडचा, पन्नाशीचा, मागेपुढे कोणी नसलेला. ठाण्यात माणूस आणला की नातलग डबा घेऊन बाहेर बसतात. याच्यासाठी कोणी फिरकलं नाही. खुनाचं कलम लागणार हे कळूनही तो वकील मागेना. मला त्याचा रागच आला.

"भांडण कशावरून?"

"कूलरवरून, साहेब. एकच कूलर अन् दोन खाटा. त्या दिवशी त्याला दम लागल्ता. मंग कूलरचं तोंड त्याच्याकडं फिरवून मी कामावर गेल्तो."

"त्याच्या खाटेपाशी काय होतं?"

"पावडरीचं उघडं पोतं."

पंचनाम्यात तेजाबाची बाटली कुठेच नव्हती. शेगडीवर पांढरी खपली धरलेली कढई मात्र होती. पावडर होती झिंक क्लोराइडची, मुलाम्याआधी लोखंडाला लावतात ती. प्रयोगशाळेत तज्ज्ञांनी सीलबंद पोत्यातली तापवली, ती मुकाट वितळली. उघड्या पोत्यातली ओली तापवली, तर नाकाला झोंबणारी आम्लाची वाफ निघाली.

जालन्याच्या मे महिन्यात ओल यायची कुठून? कूलरच्या वाऱ्यातून. पावडरीचे गोळे झाले. आपण ओलं मीठ तव्यावर परततो, तशी त्या दमेकऱ्याने ती सुकवायला परतायला घेतली. झळा येतात म्हणून दार लावलेलं.

सोडताना मी जोडीदाराला हे सगळं सांगितलं.

"म्हंजे ती वली हवा म्याच दिली," तो म्हणाला.

"तू त्याला गारवा दिलास. जा आता घरी."

"जाऊन काय करू, साहेब? भांडायला बी कोणी न्हाई राह्यलं."

भांडण दिसलं की आम्ही पोलीस वैर शोधतो. रोज भांडणारी दोन माणसं पुष्कळदा एकमेकांना तेवढीच उरलेली असतात, हे त्या प्रकरणाने शिकवलं. बायको गेल्यावर ते पुरतं कळलं. आमचंही भांडण कूलरवरूनच व्हायचं. आता सगळा वारा माझा आहे. तरी कूलरचं तोंड मी तिच्या खाटेकडेच ठेवतो.