मोहाखाली बांधलेल्या साड्या

मोहाची फुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाचोळा जाळायचा, ही आमच्याकडची पद्धत. जमीन साफ होते आणि पहाटे पडलेलं फूल लांबून दिसतं. झाडून काढायला अर्धा दिवस जातो, काडी ओढायला काही लागत नाही. मी मुळात आळशी माणूस, मला काडीच पटलेली होती.

त्या फाल्गुनात मी पाचोळा पेटवला आणि तंबाखू मळत बसलो. वारा फिरला. जाळ माझ्या दोन झाडांखालून निघाला तो शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या झाडांत शिरला. कोणती झाडं कोणी वेचायची हे आमच्या गावात पिढ्यांपासून ठरलेलं आहे. त्यांची चार होती, आणि त्या एकट्या बाईंचा सगळा उन्हाळा त्या चारांवर निघायचा. तीन झाडांच्या कळ्या करपल्या. चौथं पोकळ होतं, ते दोन दिवस आतून धुमसत राहिलं आणि आडवं झालं. ते पडलं तेव्हा मी तिथंच उभा होतो. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात गेलो. म्हटलं, "बाई, यंदा माही झाडं तुमी वेचा."

त्या तांदूळ पाखडत होत्या, ते त्यांनी थांबवलं नाही. "तुह्या झाडाखाली राख आहे. काळ्या फुलाले भाव कोन देते? मी काऊन वेचू?"

खरंच होतं. राखेत पडलेलं फूल काळं होतं आणि धुवायला जावं तर सडतं. मी पुरता अडकलो. शेवटी बायकोच्या जुन्या साड्या एकमेकींना शिवल्या, झाडांखाली बांबू रोवले आणि साड्या कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधल्या. गाव बघायला आलं. "झाडाचं लगन लावून राह्यला काय?" असं एकानं विचारलं. मी खाली बघून गाठी आवळत राहिलो, तोंड वर करून बोलायची सोयच नव्हती.

साड्यांत पडलेली फुलं बाईंनी वेचली आणि वाळवली. त्यात ना राख, ना माती, ना खडा. पोंभुर्ण्याच्या एका बचत गटाच्या बायका मोहाचे लाडू करायच्या. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि असलंच फूल आणखी मागितलं. पुढच्या वर्षी गावातल्या निम्म्या झाडांखाली साड्या होत्या, तिथं पाचोळा जाळायचं कारणच उरलं नाही, आणि मला आजूबाजूच्या गावांतून शिकवायला बोलावणी येऊ लागली. मला ते आवडलं. दहावी नापास माणसाला कोणी सर म्हणायला लागलं की तो फुगतोच.

आमच्याच गावात, समाजमंदिरात अशी बैठक झाली तेव्हा बाई आल्या. मी नेहमीचं सांगत होतो की आगीनं जंगलाचं नुकसान होतं, झाडं मरतात. त्या मागून उठल्या.

"कोनाचं झाड मेलं, थे सांग ना. कोनं जाळलं, थे बी सांग."

तोवर एकाही गावात मी ते सांगितलं नव्हतं. मग सांगितलं, काडी ओढल्यापासून झाड पडेपर्यंत सगळं.

बाई उभ्यानंच ऐकत होत्या. माझं झाल्यावर शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "आता आयका याचं. याले मालूम आहे," आणि खाली बसल्या.