फोनोबुवांची डबलबारी

माझं लग्न एका तडकलेल्या तबकडीने जमवलं. मध्यस्थ, पत्रिका वगैरे इतर मंडळी नंतर आली.

त्या वेळी मी मुंबईला एका कापडाच्या पेढीत चिकटलो होतो. हातात पहिल्यांदाच चार पैसे खुळखुळायला लागल्यावर शहाण्या माणसाने घड्याळ घेतलं असतं. मी चावीचा जुना फोनो घेतला आणि सोबत सहा तबकड्या. कारण वालावलची सुलोचना!

दिवाळीत मी तिला बघायला गेलो होतो. तिचे वडील भिकूबुवा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले भजनी बुवा. त्यांनी आधीची दोन स्थळं मोडली होती. पहिला मुलगा त्यांच्या भजनात जांभई देताना सापडला, दुसरा अभंगाच्या मध्येच "जरा पाणी पिऊन येतंय" म्हणून उठला तो परत आलाच नाही. मी मुकाट बसून राहिलो. पोहे देताना सुलोचना खालच्या मानेने पुटपुटली, "तुमच्याकडे फोनो आसा?"

"आसा तर!" मी ठोकून दिलं. (तेव्हा माझ्याकडे साधी शिट्टीसुद्धा नव्हती.)

"मगे बरां. ल्हानपणापासना बाबांचो एकच अभंग ऐकतंय. माका दुसरा कायतरी ऐकूचा आसा."

आता सांगा, अशा मुलीसाठी माणूस फोनो नाही घेणार तर काय घेणार?

मे महिन्यात बोटीने मालवणला यायला निघालो. बरोबर गंगाआत्या होती. फोनो मी पोटाशी धरला होता आणि तबकड्यांचं खोकं घोंगडीत गुंडाळलं होतं. बंदराबाहेर बोट थांबली, आम्ही पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरलो. पडावाच्या तळाला पाणी. आत्याने इकडे तिकडे बघितलं आणि ऐसपैस बसली.

खाड्‌!

"काय रे वाजला?" आत्याने विचारलं.

"माझी हौस," मी म्हणालो.

"माका वाटला तुझो बिछानो! घोंगडीत कोण गाणी बांधता, मेल्या?"

सहापैकी पाच तबकड्यांचा भुगा झाला होता. सहावी वाचली, पण तिलाही एक चीर गेली होती. एका बाजूला नुसतं सनईवादन, दुसऱ्या बाजूला कुणा बाईंचं गोड गाणं. चीर अर्थातच बाईंच्या बाजूला पडली. आमचं नशीब सनईकडून कशाला फुटेल?

आठवड्याने भिकूबुवा आमचं घर बघायला आले. सोबत सुलोचना, तिची आई, बुवांची पेटी, पखवाजवाला आणि चार झांजवाले. (बुवा बायकोला विसरले असते, पण पेटीला नाही.) बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सकाळीच धोतर नेसवलं होतं. माझा सगळा जन्म लेंग्यात गेलेला. "सोगो सांभाळ हां," त्यांनी बजावलं होतं.

जेवणं झाली. सोलकढी पिऊन बुवांचा गळा मोकळा झाला. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि विचारलं, "तुमचो बुवा खंय? समोर कोण बसतलो?"

आली का पंचाईत! डबलबारी म्हटली की दोन बुवा समोरासमोर हवेत. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आमच्या वाडीचा बुवा मुंबईला गोदीत कामाला गेलेला. पण बापू माघार घेणारे नव्हेत. वाडीच्या अब्रूचा प्रश्न!

"आमचो बुवा भुतूर आसा," बापू म्हणाले. "आणतंव."

आणि त्यांनी चौरंगावर मांडून फोनो आणला! समोर ठेवला. त्याच्या कर्ण्याला हार घातला, कपाळ सापडेना म्हणून झाकणाला गंध लावलं. चौरंग हलू नये म्हणून त्यावर पाच नारळ ठेवले. आत्याने "बुवांका च्या" म्हणत त्याच्यापुढे कपबशी ठेवली. चावी द्यायला मी आधीच मांडी घालून बसलो होतो, चौरंग माझ्या पुढ्यातच टेकवला होता. सुलोचना दारामागून डोळे मोठे करून बघत होती.

मला वाटलं, भिकूबुवा आता पेटी उचलून चालते होणार. पण बुवा जातिवंत गडी! त्यांनी कर्ण्याला वाकून नमस्कार केला. "नवो बुवा दिसता," ते म्हणाले. "गळो बघूया."

मग त्यांनी तोच अभंग लावला. पखवाज घुमला, झांजा तापल्या, अंगणात अख्खी वाडी जमली. शेवटी घामाने निथळत बुवांनी कर्ण्याकडे बोट केलं, "द्या उत्तर!"

मी सुई टेकवली. सनई सुरू झाली.

"तुमचो बुवा शब्द कित्याक बोलना नाय?" बुवांनी विचारलं.

"गळो तापवता हा," बापूंनी ठणकावून सांगितलं.

सनई संपताच मी तबकडी उलटवली. बाईंचा गोड आवाज आला. सुलोचनाचा चेहरा असा काही उजळला की माझ्या जिवाचं सोनं झालं! आणि नेमकी तेव्हाच सुई चिरेत अडकली.

"नका हो… नका हो… नका हो…"

पखवाजवाला सरळ बसला. बुवांची मान ठेक्यावर डोलायला लागली. "व्वा! एकाच शब्दार खेळता हा!"

"नका हो… नका हो…"

थोड्या वेळाने मान डोलायची थांबली. बुवांनी पेटीचा भाता उघडला. "बरां, आता आमी सुरू करू?"

"नका हो!" फोनो म्हणाला.

अंगणात हशा पिकला. बुवांनी निमूट भाता मिटला. नियम म्हणजे नियम, समोरचा थांबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि समोरचा थांबेना! मी सुईकडे हात नेला, तर बापू माझ्या कानात फिसकारले, "हात लावशीत तर बघ! आपलो बुवा जिंकता हा! चावी दीत रव!"

झांजवाले एकेक करून विहिरीवर गेले. पखवाजवाला पखवाजावरच डोकं टेकून घोरायला लागला. सुलोचनाची आई आत जाऊन लवंडली. मंडळी पांगली. बापूही "मांगरातल्या गुरांकडे बघून येतंय" म्हणून सटकले. उरलो आम्ही तिघं. बुवा, फोनो आणि मी. बुवा माझ्याकडे बघत होते, मी कर्ण्याकडे. मनात म्हणत होतो, गेलं बाबा, हेही स्थळ गेलं! सासऱ्याला त्याच्याच भजनात गप्प बसवणारा जावई कुणाला हवाय?

त्या नादात चावी द्यायची राहिली आणि अखेर ती उतरली. बाईंचा आवाज जड होत होत पार बाप्याचा झाला. "नऽऽका… होऽऽऽ…" बापू धावत आले. "चावी दी रे! बुवा दमलो!" मी जीव खाऊन चावी पिळली. आत काहीतरी खाडकन तुटलं आणि फोनोने मान टाकली ती कायमची.

आवाज बंद होताच सगळे जागे झाले, पांगलेली मंडळी परत जमली. भिकूबुवा सावकाश उठले, कर्ण्यावर आपली शाल पांघरली आणि म्हणाले, "हरलो, पण लढान हरलो." मग वळून माझ्याकडे बोट दाखवलं.

"आजपावत दोन मुलगे बघितलंय. एकान जांभय दिल्यान, एक उठान गेलो. हयसर माझो पखवाजी निजलो, तुमी यजमान पळालास. पण ह्यो झिल! तोच तो शब्द ऐकीत जाग्यावरसून हललो नाय. माझा चेडू, माझी सुलोचना, दिलंय ह्याका!"

अंगणात टाळ्या पडल्या. दारामागची सुलोचना हसत हसत आत पळाली. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या म्हणाली, "बघ, बसलंय म्हणान जमला!" (ती कुठल्या बसण्याविषयी बोलत होती, हे मी विचारलं नाही.)

लग्न झालं. मी मालवणातच दुकान टाकलं आणि भिकूबुवा दर शनिवारी पेटी घेऊन यायला लागले. पाणंदीत पेटी दिसली की सुलोचना पायात वहाणा सरकवायची, "माका जरा बाजारात जावचा आसा." मग बुवा, तोच अभंग आणि मी. त्यांनी मुलीसाठी नवरा बघितलाच नव्हता हो, स्वतःसाठी श्रोता बघितला होता! आणि असा धीराचा श्रोता दुसरा नाही, असं ते साऱ्या वालावलला सांगत सुटले.

मीही कधी खुलासा केला नाही. काय करणार? त्या दिवशी बापूंनी नारळांसकट तो चौरंग ठेवला, तो नेमका माझ्या धोतराच्या सोग्यावर. उठलो असतो, तर सासऱ्यांनी पसंत करायला माझ्या अंगावर सदऱ्याखेरीज काही उरलं नसतं!