अण्णांच्या अर्जातलं एक वाक्य

फोन अण्णांच्या थोरल्या मुलाचा, विजयचा होता. मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. ह्या वयात हा उद्योग कशाला, असं सून रोज म्हणते आणि मी रोज ऐकून सोडून देते. "बाई, अण्णा गेले," विजय म्हणाला. "सकाळी चहा घेतला. दुसरा मागितला... तो आणेस्तोवर संपलं." मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "दुसरा मागितला ना? मग ठीक आहे." पलीकडे तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. मग मीही. हातातली कुरडई पार मोडून गेली.

सोपान गायकवाड हे त्यांचं नाव, पण ह्या नावानं वेल्ह्यात कुणाला विचारलंत तर समोरचा विचारात पडायचा. अण्णा म्हटलं की कुणीही बाजाराच्या टोकाची पत्र्याची शेड दाखवायचा. मी तिथल्या शाळेत नवी नवी शिक्षिका म्हणून गेले ते सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालेलं. रुजू व्हायच्या दिवशी नसरापूरला माझी एसटी चुकली. मी पत्र्याच्या ट्रंकेवर तोंड पाडून बसलेली, तेवढ्यात एक जुनाट ट्रक येऊन थांबला. आत काचेपाशी बुद्धाची लहानशी तसबीर आणि तिच्यापुढे त्याच दिवशीचं जास्वंदीचं फूल. "शाळंच्या नव्या बाई काय? बसा. आमी तिकडंच चाललोय." मी म्हटलं, मी अनोळखी माणसाच्या गाडीत बसत नाही. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग ट्रंक तरी द्या. ती वळखीची न्हाई माजी, पर ती बसंल." मी बसले. पुढची चाळीसेक वर्षं आमची भांडणं ह्याच सुरात चालली.

मिलिटरीच्या वर्कशॉपात काही वर्षं काढून ते गावी परतले होते. ट्रकमधून भात, हिरडा, उन्हाळ्यात आंबे असा माल हमरस्त्यापर्यंत न्यायचे. शाळा त्यांची दुसरीतच सुटलेली. सही करता यायची, पाटीवरची अक्षरं लावून लावून वाचता यायची, बस. पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठं दुखतंय ते सांगायचे. मग ते तेलटंचाईचं वर्ष आलं. परदेशात काहीतरी बिनसलं आणि इथे आमच्या डोंगरात डिझेल मिळेना, रॉकेल मिळेना. अण्णांचा ट्रक दोन आठवडे शेडमध्ये उभा. तिसऱ्या आठवड्यात तो खोकत बाहेर पडला आणि मागे कडू तेलात भजी तळल्यासारखा वास सोडत गेला. त्यांनी टाकीत करंजाचं तेल घातलं होतं.

गुंजवणीच्या काठानं आणि रस्त्याच्या कडेनं करंजाची झाडं होती, आजही आहेत. चैत्र-वैशाखात शेंगा पडायच्या, बायका त्या वेचून, फोडून बी काढायच्या. ते बी अण्णा भोरच्या घाण्यावर नेऊन गाळून आणायचे. निम्मं तेल बायकांना परत, निम्मं अण्णांना, पेंड भाताच्या खाचरात. बायकांकडे तेल दिव्याला लागायचं, जनावरांच्या खरजेला लागायचं. अण्णांचं तेल ट्रकला. त्याची एक रीतच बसवलेली होती त्यांनी. इंजिन सुरू करायचं ते थोड्याशा डिझेलवर, तापलं की कॉक फिरवून करंजाच्या तेलावर घ्यायचं, आणि गाव अर्ध्या मैलावर आलं की पुन्हा डिझेलवर. एकदा हा शेवटचा कॉक फिरवायचा राहिला. मार्गशीर्षातल्या थंडीत तेल आत घट्ट झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रकनं हूं की चूं केलं नाही. मी शाळेला जाताना म्हटलं, "अण्णा, तुपावर चालवून बघा." ते म्हणाले, "तुमच्या घरचं द्या, बगतो."

शाळा सुटली की मी शेडमध्ये जायची, आणि आमची सभा भरायची. सरकारनं काय करावं ह्यावर. अण्णांचं म्हणणं साधं होतं. तेल समुद्रापल्याडनं आणायचं आणि इथं झाडाला लागतंय त्याकडं बघायचं नाही, हा कुठला कारभार? मी शिकलेली ना, म्हणून मी विरोधात. देशात गाड्या किती, करंज किती? खायला पुरेल एवढं तेल देशात नाही आणि तुम्ही गाड्यांना पाजायला निघालात! "समद्या देशाचं कुठं म्हणतोय म्या?" अण्णा हात पुसत म्हणायचे. "वेल्ह्याचं तेल वेल्ह्याच्या गाडीला. पुन्याला थेंब न्हाई." एका डोंगराळ तालुक्यापुरतं सरकारनं धोरण करून बघावं, एक घाणा द्यावा, इंजिनात काय बदल लागतो ते तपासायला एक जाणता माणूस पाठवावा, एवढीच मागणी. हळूहळू मला ती पटली. नुसती पटली नाही, अंगातच आली. मी त्यांचे अर्ज लिहायला लागले.

अर्ज लिहिण्यात मी पटाईत होते आणि मला त्याचा गर्व होता, आता कशाला लपवू? एका अर्जात मी लिहिलं, "प्रतिवर्षी हे मौल्यवान बी झाडाखाली निरुपयोगी पडून वाया जाते." वाचून दाखवत होते तेव्हा अण्णांनी मला थांबवलं. "वाया कुठं जातंय बाई? बाया येचत्यात की." मी त्यांना समजावलं, की अर्जात असंच लिहायचं असतं, वाया जातंय म्हटल्याशिवाय सरकार जागचं हलत नाही. त्यावर ते म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमास्नी ठावं." आणि त्यांनी सही केली.

आणि सरकार हललं! कित्येक अर्जांना नुसती पोच पाठवणारं सरकार ह्या एका अर्जाला हललं. पुण्याहून सरकारी कचेरीतले मोठे साहेब जीप घेऊन वेल्ह्याला आले. अण्णांनी त्यांना ट्रकमध्ये बसवून मार्गासनीपर्यंत नेऊन आणलं. चढावर कॉक फिरवला तेव्हा साहेबांनी घड्याळात वेळ टिपली, उतरल्यावर अण्णांचा हात हातात घेतला. मला आठवतंय, अण्णांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बाहीला लागलेला तेलाचा डाग ते सारखा दुमडून झाकत होते.

मग कचेरीसमोर सभा भरली. पुढे बाप्ये, मागे बायका, एका बाजूला आम्ही शाळेचे. साहेब म्हणाले, शासन ह्या योजनेला अनुकूल आहे. नदीकाठच्या आणि रस्त्याकडेच्या करंजाच्या बियांचा ठेका दिला जाईल, पहिला मान अर्थातच सोपानरावांचा. ठेकेदाराशिवाय दुसऱ्या कुणाला बी गोळा करता येणार नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात मागून सखूबाई उठली. माझ्याच वयाची, तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात. त्या वर्षी मी घरोघर फिरून, बायकांच्या पाया पडायचं बाकी ठेवून, सात मुली शाळेत आणल्या होत्या. त्यांतल्या ह्या दोन.

"सायेब, मंग आमी बी येचायचं न्हाई काय?"

"ठेकेदार मजुरी देईल ना, बाई."

"मजुरीनं दिवा लागतो व्हय? राकेल कुठाय?"

साहेब वाईट नव्हते. त्यांनी कागद उचलला आणि तिची समजूत घालावी तसं म्हणाले, "अहो, पण तुमच्या गावच्याच अर्जात लिहिलंय," आणि माझं वाक्य वाचून दाखवलं. निरुपयोगी पडून वाया जाते. शाळेत शुद्धलेखन घालताना वाचतात तसं, सावकाश.

बायकांत कुजबुज झाली. सखूबाई म्हणाली, "वाया? कुनी लिवलंय त्ये?"

मला उठायला हवं होतं. मी उठले नाही. सात मुली डोळ्यांपुढे आल्या. उद्यापासून त्या येणार नाहीत, ज्या बाईनं आमच्या घरच्या दिव्याचं बी वाया जातं म्हणून लिहिलं तिच्याकडे कोण पोरगी पाठवील? असा विचार मी करत होते, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी घाबरले होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते उभे राहिले. "अर्ज माजा हाय. त्ये म्हननं माजं. चुकीचं हाय. सायेब, अर्ज म्या माघारी घेतो."

साहेबांना ते कळेना. इतके अर्ज करून मागितलं ते दारात आलंय, आणि हा माणूस नको म्हणतोय! "सोपानराव, विचार करा. ठेका दुसऱ्या कुणाला गेला तर?" अण्णा म्हणाले, "कुनालाच नगं. पैलं दिवा. गावाचं भागून उरलं तर गाडी. असं धोरन करा, म्या तुमच्या म्होरं पळतो. न्हाई तर माजी गाडी उभी राहू द्या." गावासमोर आपलाच शब्द गिळताना त्यांचा आवाज कापला. तो मी ऐकला. आयुष्यभर ऐकतेय.

पुढचे आठ दिवस मी शेडकडे फिरकले नाही. लाज होती, आणि खरं सांगायचं तर रागही होता, एवढं हातात आलेलं घालवलं म्हणून. नवव्या दिवशी शाळेच्या दारात ट्रक उभा. "बाई, नवा अर्ज लिवायचाय. गावाचं भागून उरंल त्येच बी, आसं घाला. आन कागुद आता शेडात वाचायचा न्हाई. झाडाखाली वाचायचा, बायांपुडं. त्या व्हय म्हनल्या तरच टपालाच्या पेटीत." सभेबद्दल एक अक्षर नाही. करंजाखाली उभी राहून मी तो अर्ज वाचला. बायकांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि त्या माझ्या मजकुरापेक्षा चांगल्या होत्या. त्यानंतरचा प्रत्येक अर्ज असाच वाचला गेला. त्यांना नुसती पोच यायची. ठेका मात्र कधी निघाला नाही. अण्णांमुळे, की टंचाई सरली आणि कागद कुठल्याशा कपाटात निजला म्हणून, ते मला सांगता येणार नाही. बी बायकांकडेच राहिलं, आणि मुली शाळेत राहिल्या. माझी बदली झाली तेव्हा सातांच्या पंचवीसेक झाल्या होत्या.

आता पेट्रोलमध्ये काय मिसळावं ह्यावर रोज पेपरात वाद असतो. मी सगळे वाचते, आणि बाजू घेण्याआधी कुणाला विचारलं असेल ते शोधते. हे मला बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी वेल्ह्याला गेले. अण्णांच्या खोलीत, खाटेच्या वर, फळीवर बाटल्या होत्या. सरबताच्या, औषधाच्या, कसल्याकसल्या, सगळ्या करंजाच्या तेलानं भरलेल्या. "बाया दर साल आणून देतात," विजय म्हणाला. "गाडी विकून किती वर्षं झाली. अण्णा घेऊन ठेवायचे." तेवढ्यात काठी टेकत सखूबाई आली, हातात ह्या सालची बाटली. ती टेकली, पाणी प्यायली. मला राहवेना. इतक्या वर्षांनी, अण्णांच्या मोकळ्या खाटेसमोर, मी म्हटलं, "सखूबाई, सभेत वाचलेलं ते वाया जाण्याचं वाक्य अण्णांचं नव्हतं. मी लिहिलं होतं."

"आता गं बया," ती म्हणाली. "ठावं हाय की. अण्णास्नी कुठं लिवाय येत हुतं?"

मी तिच्याजवळ सरकले. विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी पोरी शाळेत कशा पाठवल्यात?"

"म्हनूनच तर पाठीवल्या. आमचं दुसऱ्यानं लिवलं की कसं व्हतं त्ये बगितलं न्हवं?" ती उठली, फळीवरच्या बाटल्या सरकवून जागा केली आणि आपली बाटली तिथे ठेवली.