पांढऱ्या बॅनरवरचे अप्पा

मी कॉलेजात भाषा शिकवतो. दर वर्षी नव्या वर्गाला सांगतो, की चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ माणसं देतात. पोरं मान डोलावून उतरवून घेतात. या वाक्यावर माझा पगार चालतो. पण त्याचा अर्थ मला कळला तो आमच्या गावच्या फाट्यावर, आणि तोही चारचौघांत फजिती झाल्यावर.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कुलात शिपाई होते. बोलणं मोजकं. जे सांगायचं ते घंटेतून. एक टोला पडला की तास संपला, लांब घणघण झाली की शाळा सुटली. घरीही तीच तऱ्हा. आल्यावर तांब्या जरा आपटून ठेवला की आई समजायची, आज हेडमास्तर काहीतरी बोलले.

त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, जिंतूरला राहायचे. दोघांचं आठ वर्षं बोलणं बंद होतं, आणि त्याला कारण मी. बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला सेलूच्या प्रेसमध्ये मी गेलो होतो. निमंत्रकांच्या यादीत मोठ्या बाबांचंच नाव उतरवायचं राहिलं. गठ्ठा घरी आल्यावर ते दिसलं. अप्पा म्हणाले, हातानं लिहू. मी म्हणालो, नावं वाचतं कोण? अहो, आमच्याकडे पत्रिकेत नावंच तर वाचतात, लग्नाची वेळ शेजाऱ्याला विचारतात. मोठ्या बाबांनी पत्रिका आल्या पावली परत पाठवली आणि लग्नाला आले नाहीत. चूक पोराची हाय, एवढं एक वाक्य अप्पांनी जिंतूरला जाऊन सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण पोराला कशाला पुढं करायचं म्हणून ते गप्प बसले. आणि मी, एवढा शिकलेला, मीही गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

अप्पा रिटायर झाले तेव्हा शाळेनं सत्कार ठरवला. फाट्यावर बॅनर लावायची हौस माझी. आमच्या भागातला बॅनर कसा असतो हे सांगायला नको. वर एक मोठं तोंड, खाली तीस लहान तोंडं, त्यातली निम्मी गॉगल लावलेली. मी मनाशी ठरवलं, यादीच नको. एक नाव राहिलं तर आठ वर्षं जातात, तीस नावांत किती राहतील? रंग पांढरा घेतला. आम्ही बौद्ध, आमच्यात पांढरं शुभ. नवरीसुद्धा पांढऱ्या साडीत उभी राहते आणि मेणबत्ती लावल्याशिवाय कुठलाच कार्यक्रम सुरू होत नाही. म्हणून मधे अप्पांचा पांढऱ्या सदऱ्यातला फोटो, दोन बाजूंना दोन मेणबत्त्या, खाली कमळ, आणि बारीक अक्षरात ‘सेवापूर्ती गौरव’. बॅनरवाला म्हणाला, “सर, चार चेहरे टाका, लय रिकामं दिसायलंय.” त्याला मी साधेपणाचं महत्त्व पाच मिनिटं समजावलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी सहाला बॅनर लागला. साडेसातला पलीकडच्या वस्तीवरला मेंढरंवाला मेंढरं तशीच सोडून आला, डोक्याचा पटका काढून अंगणात लिंबाखाली मान खाली घालून बसला. मागून बाया आल्या. एका म्हातारीनं दारातच गळा काढला. तेवढ्यात अप्पा अंघोळ करून, टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले. म्हातारीचा सूर अर्ध्यात थांबला. ‘जिता हाय की,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद कमी, फसवल्याचा राग जास्त होता.

बारीक अक्षरं कुणी वाचली नव्हती. एकटा माणूस, पांढरा रंग, दोन मेणबत्त्या, खाली एकही हसरं तोंड नाही, मग दुसरं काय समजायचं? त्यांनी बरोबरच वाचलं होतं. वाचता येत नव्हतं ते मला. अप्पा मात्र चिडले नाहीत. आलेल्यांना चहा द्या म्हणाले, आणि मेंढरंवाल्याला विचारत बसले, की माझ्याबद्दल काय बोलणार होतास ते आत्ताच बोल.

दहाच्या सुमाराला जिंतूरची एसटी फाट्यावर थांबली आणि मोठे बाबा उतरले. सकाळी एसटीतून बॅनर बघत गेलेल्या कुणीतरी त्यांना अप्पा गेल्याचा निरोप पोचवला होता. अंगात पांढरे कपडे, हातात पिशवी, पिशवीत हार आणि मेणबत्त्यांचा पुडा. अंगणाच्या तोंडाशी आले आणि जागीच थांबले. समोर अप्पा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. पांढरे कपडे आमच्यात लग्नालाही तेच आणि मयतीलाही तेच, त्यामुळे कपड्यांवरून काही ठरत नव्हतं. मोठ्या बाबांचे डोळे मात्र लाल झाले होते.

अप्पा उठले. बशीतला चहा हिंदकळून सदऱ्यावर सांडला.

“सत्काराला आलात का, दादा?”

मोठ्या बाबांनी पिशवी जरा मागं धरली. “न्हाई तर कशाला?”

पिशवीतला हार काढून त्यांनी भावाच्या गळ्यात घातला आणि मग त्याच हाराला धरून दोघं लहान पोरांसारखे रडले. मेणबत्त्यांचा पुडा त्यांनी हळूच पिशवीत खाली दाबला. मला राहवलं नाही. जवळ गेलो आणि आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं, की पत्रिकेतलं नाव माझ्या हातून राहिलं, अप्पांनी गाळलं नाही. मोठ्या बाबांनी फाट्याकडे हात केला.

“अन् ह्या बॅनरवर?”

“इथं कुणाचंच टाकलं नाही, मोठे बाबा.”

“आता टाकशील तवा माझं टाक.”

पुढच्या वर्षी मोठे बाबा गेले. चुलत भाऊ म्हणाले, तुमी शिकलेले, बॅनरचं तुमीच बघा. मी घरातले सगळे चेहरे घेतले, यादी तीनदा वाचली, शोकाकुल म्हणून पहिलं नाव अप्पांचं टाकलं. बॅनर लागला तेव्हा अप्पा खाली उभे राहून एकेका नावावरून बोट फिरवत वर गेले. फोटोखाली मोठ्या अक्षरांत भावाचं नाव होतं. तिथं बोट थांबलं.

“ह्या बारीला नाव राहिलं न्हाई,” ते म्हणाले.