रूपालीचं प्लगिन मी तपासलं तेव्हा

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण असा गाढवपणा मी चाळिशी ओलांडल्यावर केलाय!

अंबडजवळ आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. बारा वर्षं तिथे मी सीनियर. सगळं कसं छान चाललं होतं. मग आली रूपाली. चांदवडची पोरगी, वय पंचवीस. आल्यापासून सर नुसते, "वा रूपाली!" अहो, माझ्या कामाला बारा वर्षांत एकदा "बरंय" म्हणाले होते, तेही फोनवर दुसऱ्याच कोणाला म्हणाले की काय, अशी मला शंका आहे. हिच्या डब्यातली कांद्याची चटणी सर मागून खातात. माझ्या डब्यात कधी डोकावले नाहीत!

तर एका पंपाच्या कारखान्याची वेबसाइट आमच्याकडे. तिच्यावर मजकूर लिहायला, फोटो चढवायला एक एडिटर प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. रूपाली म्हणाली, "सर, तिथलं प्लगिन लय जुनं हाय. मी नवं शोधलंय."

"वा रूपाली!" सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सुनीलराव, ते सुरक्षित आहे का, तुम्ही तपासा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तपासा म्हणे! मी तर चिरफाडच करणार होतो.

रूपालीने वेबसाइटची एक वेगळी कॉपी करून तिच्यावर नवं प्लगिन बसवलं होतं आणि त्या कॉपीचा पत्ता ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. पण तिच्या मेसेजखाली सरांचे तीन अंगठे दिसले आणि माझं डोकंच फिरलं. मेसेज न वाचताच ग्रुप बंद केला. कारखान्याची वेबसाइट मला काय माहीत नव्हती? थेट तीच उघडली.

फोटो चढवायची खिडकी समोर आली. पासवर्डसुद्धा विचारला नाही! फोटोच्या जागी मी चक्क एक प्रोग्रॅमची फाइल दिली. घेतली! अहो, मुकाट्याने घेतली! चोराने यावं आणि घरच्यांनी त्याला पाट मांडावा, तसला प्रकार.

ती खिडकी जरा ओळखीची वाटली, नाही असं नाही. पण मनात काय यावं? 'माझी नक्कल करते होय!'

तावातावाने चार पानी रिपोर्ट लिहिला. शेवटचं वाक्य असं, 'ज्याने हे प्लगिन निवडलं, त्याला सुरक्षा या शब्दाचा अर्थही ठाऊक नाही.' सरांना पाठवला. कारखान्याच्या मालकांनाही पाठवला! कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक हजर. सरांनी भिंतीवर स्क्रीन लावली. मी उभा राहून रिपोर्ट वाचला, अगदी चढ्या आवाजात. रूपाली गोंधळून गेली.

"दादा, पण मी बघितलं ना करून. नवं प्लगिन अशी फाइल घेतच नाय."

"नाय कसं? बघ!" मी सगळ्यांसमोर फाइल चढवली. "घेतली की नाही?"

ती स्क्रीनजवळ गेली. हळूच म्हणाली, "दादा, ही चालू साइट हाय. हिच्यावर जुनंच प्लगिन हाय. नवं अजून बसवलंय कुठं?"

सरांनी तिच्या कॉपीचा पत्ता उघडून तीच फाइल दिली. नव्या प्लगिनने ती तिथल्या तिथे परत केली.

"म्हणजे आमची साइट इतकी वर्षं सताड उघडी होती?" मालक म्हणाले. "पण मानलं तुम्हाला, सुनीलराव! काय रिपोर्ट लिहिलाय! आता एवढंच सांगा, ते जुनं प्लगिन बसवणारा महाभाग कोण?"

सर छताकडे बघायला लागले. रूपालीने माझ्याकडे पाहिलं आणि बिचारी म्हणाली, "आधीपासूनच हाय ते."

मी घसा साफ केला. "होता एक जण. सोडून गेला."

"नाव तर असेल ना कुठे?" असं म्हणत मालकांनी माउस हातात घेतला आणि पान खाली, खाली, पार तळापर्यंत नेलं.

तिथे जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'रचना व सुरक्षा: सुनील.' शेजारी माझा फोटो. गॉगल लावलेला, हाताची घडी घातलेला.

खरं सांगू? त्या क्षणी पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, सगळं श्रेय रूपालीला मिळायला हवं होतं!