मदतीचे गुण

मी पुण्याहून निघाले त्या दुपारी बाबा टॅक्सीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "आपलं काम चोख कर, बाकीचं आपोआप होतं." आई म्हणाली, "अडल्यानडल्याला मदत कर, माणसं जोडली जातात." नवरा आधीच शारजाला पोचला होता, मुलगा माझ्या खांद्यावर झोपला होता. दोघांच्या पाया पडून मी दोन्ही उपदेश मुकाट्याने घेतले. दोघंही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, त्यांनी एचआर नावाचा प्रकार कधी पाहिलाच नव्हता. आज तोच मुलगा मी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो, आणि तुम्ही मंडळी, तिथे राहिलेली आणि माझ्यासारखी निघून आलेलीही, मला विचारता की तुमच्या ऑफिसात लोक एकमेकांना मदत करतात का. करतात. कशी करतात ते सांगते.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कंपनी एसीचे डक्ट बनवते, म्हणजे इमारतीच्या छतातून थंड हवा नेणारे पत्र्याचे मार्ग. मी एस्टिमेशनला. ड्रॉइंग बघायचं, माल किती लागेल ते काढायचं आणि टेंडर भरायचं. माझ्याच विभागात शिरीष धर्माधिकारी, पुण्याचेच, माझ्याहून सीनियर. माल वेळेवर साइटवर पाठवायचं काम नाझनीनकडे. ती श्रीवर्धनजवळची, तिचे वडीलही आखातात नोकरी करून गेलेले. ती मला ताई म्हणायची आणि आम्ही दोघी मराठीत बोलायचो, ते धर्माधिकारींना ऑफिसात शोभत नाही असं वाटे. ते स्वतः पुण्याच्या माणसाशीही इंग्रजीत बोलत.

मग एचआरच्या बाईंना साक्षात्कार झाला की एकमेकांना मदत करणाऱ्या लोकांचं काम जास्त चांगलं होतं. एवढं कळायला त्यांना दोन दिवसांचं हॉटेलातलं ट्रेनिंग लागलं. परत आल्या त्या मदतीला गुण द्यायची योजना घेऊनच. कोण किती मदत करतो हे सहकाऱ्यांनी मतं देऊन ठरवायचं, आणि ते अप्रेझलमध्ये धरायचं.

त्या दिवसापासून ऑफिसात मदतीचा असा सुळसुळाट झाला की काम करायला जागा उरेना. न विचारता लोक टेबलापाशी येऊन उभे राहत. कोणी माझी फाइल उघडून रंग बदलून ठेवी आणि सगळ्यांना कॉपी करून मेल पाठवी की मी हिला मदत केली. धर्माधिकारी यात मुरलेले. स्वतःची किचकट ड्रॉइंग्ज नव्या पोरींच्या गळ्यात मारायची आणि त्याला मेंटरिंग म्हणायचं, हा त्यांचा शोध. मतं अर्थात त्यांनाच पडत. पुढच्या खेपेला आपल्याला कोण मत देईल हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

नाझनीनला कोणी मत दिलं नाही. ती फोन करून दुसऱ्याचं अडलेलं काम सोडवायची आणि कोणाला सांगायची नाही. असल्या माणसाला गुण द्यायची सोय त्या योजनेत नव्हती.

अशातच आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मला मिळेल त्या विमानाने पुण्याला जाणं भाग होतं. शारजाजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका शाळेच्या इमारतीचं टेंडर माझ्या हातात अर्धवट होतं. मी धर्माधिकारींना फोन केला. ते म्हणाले, काळजी करू नकोस, इथे आपण सगळे फॅमिली आहोत. मग त्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर माझ्या आईसाठी प्रार्थना करा असा मेसेज टाकला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. टेंडरची फाइल मात्र त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

तिकडे हॉस्पिटलातही काही वेगळं नव्हतं. नातेवाईक शहाळी घेऊन येत, खुर्ची अडवून बसत, अमुकच डॉक्टरला का दाखवलं नाही म्हणून विचारत आणि काही लागलं तर सांग म्हणून निघून जात. रात्री आईजवळ थांबाल का, असं विचारल्यावर प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असे.

टेंडर नाझनीनने भरलं. मी कॉरिडॉरमधून फोनवर आकडे सांगत होते, ती ते फाइलमध्ये चढवत होती, पत्र्याच्या व्यापाऱ्यांना फोन करून भाव घेत होती. मधेच आईला तपासणीसाठी आत नेलं की ती लाइन चालू ठेवून थांबायची. त्या गडबडीत तिचे स्वतःचे ट्रक साइटवर उशिरा पोचले. टेंडर मात्र वेळेत गेलं आणि आम्हाला मिळालं.

मी परत आले तेव्हा ऑफिसात केक आणलेला होता. शाळेचं काम मिळवून दिल्याबद्दल आणि सहकाऱ्याच्या अडचणीत धावून गेल्याबद्दल धर्माधिकारींचा सत्कार होता. ते छातीवर हात ठेवून टीम, टीम म्हणत होते. नाझनीनला आदल्याच आठवड्यात उशिरा गेलेल्या ट्रकबद्दल ताकीद मिळाली होती. तिचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, आणि ते गेलं असतं तर व्हिसाही गेला असता.

मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "टेंडर नाझनीनने भरलं. सरांनी फक्त ग्रुपवर हात जोडले." धर्माधिकारींनी हसून माझ्यापुढे केकची डिश धरली. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

मला वाटलं नाझनीन खूश होईल. तिने मला जिन्यात गाठलं. "ताई, आतापर्यंत त्यांना नुसतं माहीत होतं की ट्रक उशिरा गेले," ती म्हणाली. "आता मी त्या वेळी काय करत होते तेही कळलं."

तिचं खरं होतं. संध्याकाळपर्यंत एचआरच्या बाईंचं मत ठरलं होतं. मदत करणं चांगलंच, पण स्वतःचं काम सोडून केलेली मदत म्हणजे शिस्तभंग. म्हणजे ज्या मदतीत स्वतःचं काहीच खर्च होत नाही, तेवढीच मदत यांना हवी होती. आणि त्यावर पगारवाढ द्यायची होती.

मी थेट जनरल मॅनेजरकडे गेले. तो लेबनानी माणूस, कपाळावर आठ्या, पण समोरचा बोलत असताना फोन बघत नसे. मी त्याला सांगितलं की नाझनीन त्या दिवशी माझं काम करत होती, तेव्हा तो उशीर माझ्या नावावर लिहा. त्याने विचारलं, याचा अर्थ कळतो ना तुला? मी हो म्हणाले. "खलास," तो म्हणाला, म्हणजे विषय संपला. उशीर कोणाच्या तरी नावावर असला की झालं, कोणाच्या याचं कंपनीला सोयरसुतक नव्हतं. नाझनीनचं काँट्रॅक्ट वाढलं. माझं अप्रेझल त्या वर्षी विभागात सगळ्यात खालचं ठरलं. धर्माधिकारींनी मला मेल केला की तू जबाबदारी घेतलीस याचा अभिमान वाटतो, आणि तोही सगळ्यांना कॉपी. आता ते मॅनेजर झालेत आणि इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात सहकार्य या विषयावर बोलतात. लोक टाळ्या वाजवतात, कारण पुढे जेवण असतं.

नाझनीनने मला कधी थँक्यू म्हटलं नाही, मीही तिला म्हटलं नाही. आभार मानणारे लोक आम्ही दोघींनी भरपूर पाहिलेत.

गेल्या सुट्टीत मुलाला घेऊन पुण्याला गेले तेव्हा आई वॉकर घेऊन घरात फिरत होती, फोनवरची ती नाझनीन कशी आहे म्हणून विचारत होती. शेजारणी येऊन गेल्या, काही लागलं तर सांगा म्हणाल्या, आणि मी मान हलवली. परत येताना विमान दुपारी शारजाला उतरलं. नवरा कामासाठी अबूधाबीला होता, मी टॅक्सी करणार होते. बाहेर आले तर नाझनीन गाडीपाशी उभी, चेहरा उन्हाने लाल. "यल्ला ताई, लवकर, इथे गाडी उभी करू देत नाहीत," ती म्हणाली आणि माझी बॅग डिकीत टाकली. मुलगा मागच्या सीटवर बसत तिला आंटी आय एम स्टार्व्हिंग म्हणाला. तिने न बघता डबा मागे दिला.

गाडीतून मी आईला फोन लावला आणि घरी पोचतेच आहे म्हणाले. घर हा शब्द शारजासाठी तिच्यासमोर मी कधी वापरला नव्हता. आईने विचारलं, "घ्यायला कोण आलंय?"

"नाझनीन."

"मग बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.