शेवाळाचा चिकटा

अड्याळच्या धानकऱ्यांच्या घरातली मी, आणि पीएचडीला विषय घेतला काय, तर समुद्री शेवाळ! त्यातून सूज उतरवणारं द्रव्य काढायचं होतं. "भंडाऱ्यात समुद्र कुठी हाय वो?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. शेवाळ कोकणातून वाळवून यायचं. ते उकळलं की द्रव्यासोबत असा काही चिकटा सुटायचा, की गाळण कागद तुंबून बसे. तीन वर्षं हेच. शेवटी नागपूरच्या मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं, "या महिन्यात स्वच्छ नमुना पाठव, नाहीतर विषय बदल." मी फोनवर "हो" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मनातल्या मनात त्यांना भरपूर शिव्या घातल्या.

त्या दुपारी काढा नेहमीपेक्षा घट्ट झाला होता. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले परिचर काका शेजारीच उभे होते. "काका, तेवढं पाणी ओता यात," मी म्हटलं. त्यांनी ओतलं. काढ्यात एकदम गुठळ्या धरल्या, दूध नासावं तशा.

"काय ओतलंत?"

काकांनी हातातला बीकर उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच पडला. "अवो मॅडम, हे त माया चुन्याचं पाणी होय. खर्रा घोटाले चुना भिजू घातला होता. मले वाटलं, साधंच पाणी हाय."

प्रयोगशाळेच्या बीकरमध्ये तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा चुना! मी त्यांना नको नको ते बोलले. मग रागारागातच तो सगळा काढा गाळायला ओतला, आणि खालून पाणी झरझर उतरलं. नितळ! गुठळ्या वर अडकल्या होत्या. चुन्यातल्या कॅल्शियमनं चिकटा धरून ठेवला होता आणि द्रव्य पाण्यासोबत खाली उतरलं होतं. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं, आणि 'नंतर पाहू' म्हणून सोडून दिलं होतं. मला स्वतःचाच संताप आला आणि हसूही फुटलं.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं कॅल्शियम नीट मापून सगळं नव्यानं केलं.

"अजून रागच हाय का वो?" काकांनी विचारलं.

"आहे," म्हटलं आणि त्यांना चहा पाजला. नितळ पाण्यातून निघालेली द्रव्याची पांढरी पूड नागपूरला रवाना झाली.

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. पेशींवरच्या चाचणीत पुडीनं काम केलं होतं. "औषध अजून फार लांब आहे," त्या म्हणाल्या, "पण विषय बदलायचा नाही. हा तुझाच."

मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या वर्गातला तास थांबला. प्राचार्य धावत आले. "काय झालं? काही फुटलं का?"

"नाही सर," मी म्हणाले, "जिंकले!"